कॉलेजच्या पेपरची वेबसाइट करताय? आधी कल्पना ठरवा, थीम मग टाका

कॉलेजचा पेपर चालवणारी पोरं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ताई वर्डप्रेसची कुठली थीम टाकू, फ्री चालेल का विकत घ्यावी लागेल. मी उलट विचारते की तुमचा वाचक कॉलेजला कसा येतो, घरून किती वाजता निघतो आणि तुमची बातमी वाचायला त्याला नेमका वेळ कधी मिळतो. त्यांना वाटतं मी विषय बदलला, पण विषय तोच असतो. आपण थीम हा शब्द दोन अर्थांनी वापरतो. एक म्हणजे वर्डप्रेस ह्या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये इन्स्टॉल करायची ती तयार थीम, साइटचं तयार रूप, आणि दुसरी म्हणजे सगळ्या साइटला धरून ठेवणारी एक कल्पना, जिच्यातून रंग, अक्षरं, विभागांची नावं सगळं निघतं. ही दुसरी ठरायच्या आधी पहिली निवडली की पेपरची साइट सहलवाल्यांच्या साइटसारखी दिसायला लागते, वर मोठा सरकता फोटो, खाली तीन गोल चिन्हं, आणि बातमी शोधायला तीनदा स्क्रोल.

आमचं कॉलेज तालुक्याच्या गावातलं. पेपर छापील होता, चार पानी, महिन्यातून दोनदा, आणि तो वेबवर न्यायचा ठरला तेव्हा आम्ही कँटीनच्या टेबलावर कोरे कागद घेऊन बसलो होतो. कुणी म्हणालं आधुनिक दिसू दे, कुणी म्हणालं जुन्या वर्तमानपत्रासारखं करू, पिवळसर कागद, काळी शाई वगैरे. तासभर काही जुळेना. मग एकीला गाडी होती म्हणून ती उठली, पर्समधून एसटीचा पास काढून टेबलावर ठेवला आणि सुट्टे शोधायला लागली चहाचे द्यायला. तो पास बघून दुसरी म्हणाली, आपण सगळेच पासवाले आहोत की. खरंच, टेबलावरच्या सातपैकी पाच जण एसटीने येणारे होते. विद्यार्थ्यांना पासात ६६.६७ टक्के सवलत मिळते म्हणून तर आजूबाजूच्या गावातली पोरं कॉलेजपर्यंत पोचतात. थीम तिथेच मिळाली, एसटी स्टँड.

आणि एकदा ती मिळाल्यावर बाकीचं भराभर सुचत गेलं. छोट्या बातम्यांचा विभाग 'सुट्टे पैसे'. फी कुठे गेली, लायब्ररीची पुस्तकं का येत नाहीत असल्या खोलात जाऊन शोधलेल्या बातम्या 'चौकशी'त, कारण स्टँडवर चौकशीची खिडकी असतेच आणि पत्रकारितेत त्याच शब्दाचा दुसरा अर्थही नेमका बसतो. वाचकांची पत्रं 'विनंती थांबा'. कथा-कविता 'रातराणी'. परीक्षा, स्कॉलरशिप, फॉर्मच्या तारखा 'पास'. मुख्य बातम्या 'फलाट १'. 'आरक्षण' हे नाव एकाने सुचवलं होतं ते आम्ही लगेच काढलं, त्या शब्दाला आपल्याकडे इतका मोठा अर्थ आहे की तो मेनूतल्या खेळासाठी वापरणं बरोबर नाही.

तुमची कल्पना अर्थातच वेगळी असेल, असायलाच हवी. शेतकी कॉलेज असेल तर पेरणी, खुरपणी, मळणी आणि मतांच्या पानाला 'बांधावरून', हे मी एका ग्रुपला सुचवलं तर त्यांनी पाच मिनिटांत अजून चार नावं काढली. सोलापूरकडे चादरीची नक्षी आहे, तिच्यापासून पानांच्या पट्ट्या आणि रेघा काढता येतील. गोव्यात मांडवी ओलांडून येणाऱ्या पोरांना फेरीबोट आहे. कोल्हापुरात तालीम आहे. फक्त कल्पना इंटरनेटवरून उचललेली नको, तुमच्या वाचकाच्या रोजच्या येण्याजाण्यातली हवी, म्हणजे समजावून सांगावी लागत नाही.

कल्पना टिकेल का हे तपासायचे माझे तीन प्रश्न आहेत. तिच्यातून पाच-सहा विभागांची नावं ओढाताण न करता निघतात का. तिला स्वतःचा रंग आहे का. आणि तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, तिच्यात वाईट बातमी मावते का.

ह्या तिसऱ्यावर जरा थांबते. वर्षभरात कधीतरी एखादा विद्यार्थी जातो, कधी अपघातात, कधी आजारपणात, कधी स्वतःहून. त्या दिवशी तुमच्या पेपरकडे सगळं कॉलेज बघत असतं, त्याचे आईवडीलही बघतात. त्या बातमीच्या वर जर रंगीत बस धावत असेल, बाजूला 'सुट्टे पैसे' लिहिलेली पिवळी पाटी लुकलुकत असेल तर ते बघवत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी बातमीचं एक वेगळं टेम्पलेट, म्हणजे पानाचा साचा, करून ठेवा, ज्यात फक्त पेपरचं नाव, मथळा, तारीख आणि मजकूर असेल, रंग नाही, सजावट नाही, इतर बातम्यांची यादी नाही. ब्लॉक थीममध्ये, म्हणजे जिचं सगळं पान कोड न लिहिता एडिटरमधून बदलता येतं अशा थीममध्ये, साइट एडिटर उघडून टेम्पलेट्समध्ये नवीन टेम्पलेट करता येतं आणि बातमी लिहिताना उजवीकडच्या पट्टीतून ते निवडता येतं. दहा मिनिटांचं काम आहे, पण ते त्या रात्री करायची वेळ येऊ नये, त्या रात्री कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं.

विभागांच्या नावाबद्दल अजून एक. आम्ही साइट चालू करायच्या आधी फर्स्ट इयरच्या आठ-दहा जणांना फोनवर दाखवली आणि काही न सांगता गप्प बसलो. 'रातराणी'वर कुणी बोटच लावेना, एकीला वाटलं बागकामाचं काहीतरी आहे. तिच्या गावाला रात्रीची गाडीच नव्हती, तिला ते फुलाचंच नाव माहीत, मग चूक तिची कशी. तेव्हापासून प्रत्येक विभागाच्या नावाखाली बारीक अक्षरात साधी ओळ टाकतो, 'रातराणी, कथा आणि कविता', 'चौकशी, आम्ही शोधून काढलेलं'. नाव गोड असू दे, पण अर्थ कळायलाच हवा.

आणि हो, कल्पना एसटीची घेतली म्हणून महामंडळाचं बोधचिन्ह किंवा नेटवरचे बसचे फोटो घेऊ नका, ते आपले नाहीत. आमच्यातल्या एका मुलीने पाटीचा आकार, तिकिटाची दातेरी कड आणि खिडकीची जाळी पेनाने काढली, फोनवर स्कॅन केली, तेवढ्यावर सगळी साइट उभी आहे.

रंग

लाल, पिवळा, काळा, पांढरा, आमचे एवढेच. खरं तर दोनच रंग घ्या आणि काळा-पांढरा धरा. मजकूर आणि मागचा रंग ह्यांच्यातला फरक किमान ४.५ ला १ असावा असा सर्वमान्य नियम आहे आणि तो तपासायला फुकट कॉन्ट्रास्ट चेकर मिळतात, दोन रंग टाकले की आकडा येतो. गडद लाल पांढऱ्यावर आरामात पास होतो, पिवळी अक्षरं पांढऱ्यावर साफ नापास, पण काळी अक्षरं पिवळ्यावर इतकी स्वच्छ दिसतात की आम्ही विभागांच्या पाट्या तशाच केल्या. उन्हात फोन धरून बघा, तिथे खरं कळतं. लांब बातमीच्या मागे मात्र रंग नको, पांढरं किंवा अगदी फिकट, बास.

अक्षरं, इथे घाई करू नका

तयार थीम बहुतेक सगळ्या इंग्रजी अक्षरं डोळ्यासमोर ठेवून बनलेल्या असतात, आणि मराठी टाकलं की त्या कुठे कुठे फाटतात ते पहिल्यांदा करणाऱ्याला लक्षात येत नाही. पहिली गोष्ट म्हणजे लेटर स्पेसिंग. इंग्रजी मथळ्यात अक्षरं जरा लांब लांब ठेवायची फॅशन आहे, तीच सेटिंग मराठीला लागली की शिरोरेषा तुटते, प्रत्येक अक्षर वेगळं पडतं, दात पडल्यासारखं. ती सगळीकडे शून्य करा. दुसरं म्हणजे ओळींमधलं अंतर. इंग्रजीला दीडपट पुरतं, आपल्याकडे वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरं, त्यामुळे १.७ किंवा १.८ ठेवा नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. मजकूर फोनवर १८ पिक्सेलच्या खाली नको. इटॅलिक टाळा, बहुतेक देवनागरी फॉन्टमध्ये खरं इटॅलिक नसतंच, ब्राउझर आहे तेच अक्षर तिरकं करून दाखवतो. बातमीचं पहिलं अक्षर मोठं करायची सोय असते तीही बंद ठेवा, जोडाक्षर आलं की ती गडबडते.

फॉन्ट फुकट आणि चांगले मिळतात, गूगल फॉन्ट्सवर. मजकुरासाठी मी मुक्ता सुचवते, मुंबईच्या एक टाइपने केलेला आहे, फोनवर स्वच्छ वाचता येतो. जरा पुस्तकी वळण हवं असेल तर तिरो देवनागरी मराठी बघा, तिरोवाल्यांनी हिंदी, मराठी आणि संस्कृतसाठी वेगवेगळे फॉन्ट काढलेत, मराठीवाला घ्या. पेपरच्या नावासाठी आम्ही यात्रा वन घेतला, मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांच्या वळणावर तो केलेला आहे, लोकलचा असला तरी आमच्या स्टँडच्या पाटीला शोभला. पण असला सजावटीचा फॉन्ट फक्त नावाला आणि विभागाच्या पाट्यांना, मथळ्याला सुद्धा नको.

फॉन्ट पक्का करायच्या आधी त्यात एक वाक्य टाकून बघायचं. आमचं वाक्य असं आहे, 'दुसऱ्या वर्षाच्या ज्ञानेश्वरीने ॲप उघडलं, कुऱ्हाडीने उद्ध्वस्त झालेल्या झाडांचा ऑनलाइन पंचनामा वाचला आणि डोळे मिटले'. वाक्याला अर्थ फारसा नाही, पण त्यात 'ऱ्या' आहे, 'ऱ्हा' आहे, 'ॲ' आहे, 'द्ध्व' आहे, 'ज्ञ' आहे, 'ळ' आहे. जुन्या फॉन्टमध्ये 'ॲ'च्या जागी रिकामा चौकोन येतो किंवा 'ऱ्या' नीट जुळत नाही. तिथेच तो फॉन्ट बाद.

अजून एक गोष्ट जी मला फार उशिरा कळली. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये जनरलमध्ये साइटची भाषा मराठी करा. त्याने फक्त बटणं मराठीत होत नाहीत, पान मराठी आहे हे ब्राउझरला कळतं, आणि ज्या फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श'ची दोन्ही वळणं दिलेली असतात त्यात आपोआप मराठी वळण दिसायला लागतं. शाळेत बाराखडी गिरवली तो 'ल' आपल्या पेपरवर दिसावा असं मला मनापासून वाटतं, आणि त्यासाठी फक्त एक सेटिंग बदलायची आहे.

फॉन्टची वजनं, म्हणजे अक्षरांच्या जाड्या, दोनच घ्या, रेग्युलर आणि बोल्ड. देवनागरीत जोडाक्षरं इतकी की फॉन्टची फाइल इंग्रजीपेक्षा बरीच जड असते, आणि पाच-सहा वजनं टाकली की कमी नेटवर्कवर बातमी येण्याआधी वाचक निघून जातो. वर्डप्रेस ६.५ पासून, म्हणजे एप्रिल २०२४ पासून, ब्लॉक थीममध्ये एडिटरमधूनच फॉन्ट चढवता येतात, वेगळं प्लगइन, म्हणजे वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, लागत नाही.

आता ती वर्डप्रेसची थीम

इतकं ठरल्यावर हा प्रश्न फार सोपा होतो. मी साध्या ब्लॉक थीमवर काम करा म्हणते, वर्डप्रेससोबत येणाऱ्या ट्वेंटी ट्वेंटी-फोर किंवा फाइव्हसारखी, कारण त्या हलक्या आहेत आणि रंग, अक्षरं, टेम्पलेट सगळं एडिटरमधून बदलता येतं, कोड लिहिणारा पुढच्या वर्षी पास आउट झाला तरी अडत नाही. बातम्यांसाठीच केलेली न्यूजपॅक थीमही फुकट आहे. एवढं लक्षात ठेवा की क्लासिक, म्हणजे जुन्या पद्धतीच्या, थीमच्या फाइलींमध्ये थेट बदल केले तर थीम अपडेट झाल्यावर ते सगळे पुसले जातात, तसं करायचंच असेल तर चाइल्ड थीम, म्हणजे मूळ थीमला जोडलेली आपल्या बदलांची वेगळी थीम, करून त्यात करा. फुकटात पेड थीम देणाऱ्या साइट्सवरून झिप फाइल आणून टाकू नका, त्यात काय लपवलेलं असतं ते तुम्हाला दिसत नाही.

डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, डॉट इनचं घ्या, वर्षाला साधारण हजाराच्या आत पडतं, फक्त पहिल्या वर्षाची ऑफर बघून खूश होऊ नका, दुसऱ्या वर्षाचा दर बघा. डॉट भारत म्हणजे पूर्ण देवनागरी पत्ताही २०१४ पासून मिळतो आणि मला तो फार आवडतो, पण मुख्य पत्ता इंग्रजी अक्षरातलाच ठेवा आणि देवनागरी पत्ता त्याच्याकडे वळवा. कॉलेजच्या वेबसाइटखाली जागा मिळत असेल तर खर्च वाचतो खरा, पण 'चौकशी' विभागात तुम्ही कॉलेजलाच प्रश्न विचारणार असाल तर पत्ता आपला स्वतःचा असलेला बरा.

पानाची रचना कागदावर काढा. ए फोर कागदावर फोनच्या आकाराचे सहा चौकोन आखायचे आणि पेन्सिलने भरायचे, कॉम्प्युटर नंतर उघडायचा. पहिल्या चौकोनात काय दिसेल ह्यावर सगळ्यांनी भांडा. आमच्याकडे वर लाल पट्टीत पेपरचं नाव आणि आजची तारीख, खाली एक मोठी बातमी फोटोसकट, तिच्याखाली तीन बातम्या नुसत्या मथळ्यांच्या. मग 'पास', कारण पोरं खरी येतात ती फॉर्मची शेवटची तारीख बघायला. हे आधी सगळ्यात खाली होतं, वर आणल्यावर वाचक वाढले, आणि तारीख बघायला आलेला पोरगा जाता जाता मेसची बातमीही वाचून गेला. सरकता स्लायडर ठेवू नका, पहिलं चित्र सोडून पुढचं फारसं कुणी बघत नाही आणि पान जड होतं ते वेगळंच. विभागवार यादी क्वेरी लूप ब्लॉकने होते, विभाग निवडला की त्यातल्या ताज्या बातम्या आपोआप येतात.

मराठी आणि इंग्रजी दोन्हीत पेपर असेल तर विचार करावा लागतो. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला दर्पण काढलं तेव्हा एकाच पानावर मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी दोन स्तंभांत छापलेला होता, बघायला फार देखणं आहे ते, पण फोनच्या रुंदीत दोन स्तंभ मावत नाहीत. बातमीच्या वर एक साधी लिंक द्या, 'इंग्रजीत वाचा', आणि भाषांतर खरंच केलं असेल तरच द्या.

जुने अंक चढवताना

इथे आमचे सगळ्यात जास्त दिवस गेले. छापील अंक डीटीपीवाल्या काकांकडे श्रीलिपी ह्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये लावलेला असायचा, आणि ते युनिकोड, म्हणजे सगळ्या फोन-कॉम्प्युटरना कळणारी अक्षरांची एकच पद्धत, नसतं. तो मजकूर कॉपी करून वर्डप्रेसमध्ये टाकला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता चिखल दिसतो. कन्व्हर्टर मिळतात, त्यातून बराचसा मजकूर सुधारतो, पण नंतर डोळ्यांनी वाचावंच लागतं. रफार हमखास सरकतो, 'आर्थिक'चं 'आथिर्क' होतं, 'विद्यार्थी'चं 'विद्याथीर्'. त्यासाठी एक युक्ती आहे, मजकुरात शब्दाच्या शेवटी 'र्' आलाय का ते शोधा, मराठीत शब्द तसा संपत नाही, त्यामुळे सापडला की तिथे चूक आहेच. 'ऱ्या' असलेले शब्दही एकेक बघा. आम्ही दोघी जणी मिळून, एक मोठ्याने छापील अंक वाचणार आणि दुसरी स्क्रीनवर बघणार, असं करून दीड वर्षाचे अंक केले. काकांना पुढच्या अंकापासून युनिकोडमध्येच लावायला सांगितलं, त्यांनी ऐकलं, आता मजकूर थेट येतो. नुसते पीडीएफ चढवून मोकळं होऊ नका, श्रीलिपीच्या पीडीएफमधला मजकूर शोधला तर सापडत नाही आणि फोनवर पिंच करून करून वाचणारा एकदाच वाचतो.

बातमी चढवताना पत्त्याकडे बघा, म्हणजे स्लगकडे. मथळा मराठीत दिला की वर्डप्रेस स्लगही मराठीत बनवतं, आणि त्याची मर्यादा २०० जागांची असते, पण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-वेलांटीसकट, त्यात नऊ-नऊ जागा खातं. म्हणजे बावीस चिन्हांत खेळ खलास. आमचा मथळा होता 'हॉस्टेलच्या मेसचे दर वाढले', पत्ता झाला 'हॉस्टेलच्या-मेसचे-दर-वाढ', 'ले' गळालं. शिवाय तो व्हॉट्सॲपवर पेस्ट केला की टक्क्यांच्या चिन्हांची दोन-तीन ओळी लांब माळ होते आणि लोकांना वाटतं काहीतरी फसवणुकीची लिंक आहे. स्लग हाताने इंग्रजी अक्षरात लिहा, तीन-चार शब्द, mess-darvadh-july असं काहीतरी.

व्हॉट्सॲपबद्दल अजून, कारण वाचक येणार तिथूनच. लिंक टाकल्यावर वर जो छोटा फोटो आणि मथळा दिसतो तो नीट यायला प्रत्येक बातमीला फीचर्ड इमेज, म्हणजे बातमीचं मुख्य चित्र, द्या, १२०० बाय ६३० पिक्सेलच्या आसपास, हलकी. फोटो नसेल तर आमच्याकडे तिकिटासारखं एक तयार चित्र आहे, त्यावर विभागाचं नाव. बाकीचे फोटोही फोनमधून काढले तसेच चार-पाच एमबीचे टाकू नका, १२०० पिक्सेल रुंदीवर आणून वेबपी ह्या हलक्या फाइल-प्रकारात सेव्ह करा, शंभर-दीडशे केबीत बसतात. फोटोखाली कुणी काढला त्याचं नाव हवंच. गूगलवरून उचललेला फोटो नको. आणि ज्युनियर कॉलेजची मुलं अठराच्या आतली असतात, त्यांचा जवळून घेतलेला फोटो आणि नाव छापण्याआधी घरच्यांना विचारा, लेखी.

कोणाला किती अधिकार द्यायचे तेही आधी ठरवा. नवीन वार्ताहराला योगदानकर्ता ही भूमिका द्या, त्याला लिहिता येतं पण प्रकाशित करता येत नाही, फोटोही चढवता येत नाहीत, ते संपादक करतो. सुरुवातीला पोरं कुरकुरतात, पण एकदा चुकीचं नाव छापून गेलं आणि ज्याचं नाव होतं तो वर्गात मान खाली घालून बसलेला बघितला की कुरकुर थांबते. चूक झालीच तर गुपचूप बदलू नका. बातमीच्या खाली 'दुरुस्ती' म्हणून तारखेसकट लिहा, आधी काय होतं आणि आता काय आहे. त्याचीही जागा डिझाइनमध्ये ठेवा, आमच्याकडे ती काळ्या चौकटीत मजकुराच्या लगेच खाली येते, पानाच्या तळाशी लपवलेली नाही.

मग ती बसमध्ये नेऊन बघा. हे मी शब्दशः म्हणतेय. आम्ही तिघं सकाळच्या गाडीत बसलो, तीन वेगवेगळे फोन, एक अगदी जुना, काच तडकलेला. घाट लागला तसं नेटवर्क एका दांडीवर आलं. एका फोनवर पान उघडलं पण फॉन्ट येईपर्यंत मजकूर कोराच दिसत होता, तर रात्री येऊन फॉन्टची सेटिंग अशी केली की तोवर फोनमधल्या अक्षरात मजकूर दिसावा. दुसऱ्यावर मेनूचं बटण अंगठ्याला सापडेना, एका हाताने वरचा दांडा धरलेला असताना वरच्या कोपऱ्यातलं बटण दाबताच येत नाही, ते खाली आणलं. शेजारी बसलेल्या मावशी विचारायला लागल्या काय बघताय एवढं, त्यांना दाखवलं तर त्यांनी 'चौकशी' वाचलं आणि म्हणाल्या गाडीची वेळ ह्यात कळते का. दुसऱ्या दिवशी आम्ही 'पास' विभागात शेवटच्या गाड्यांच्या वेळा स्टँडवरून लिहून आणून टाकल्या, आणि आता महिन्यातून एकदा कुणीतरी जाऊन त्या बोर्डवरून परत तपासून येतं.

शेवटचं काम चाव्यांचं. आमच्या आधीच्या बॅचने एक ब्लॉग चालू केला होता, त्याचं डोमेन एका सीनियरच्या स्वतःच्या ईमेलवर घेतलेलं. तो नोकरीला लांब गेला, ते ईमेल बघणं बंद झालं, नूतनीकरणाच्या सूचना तिथेच पडून राहिल्या आणि ऐन निकालाच्या आठवड्यात पत्ता बंद पडला. तीन वर्षांचं लिखाण होतं त्यावर, बॅकअप कुणाकडेच नव्हता. म्हणून आता पेपरचं एक वेगळं ईमेल आहे, डोमेन, होस्टिंग म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा, वर्डप्रेस सगळं त्यावर, लॉगिनला दुसरी पायरी लावलेली, बॅकअप दर आठवड्याला ड्राइव्हवर आपोआप जातो आणि दर सत्रात एकदा तो खरंच उघडतोय का ते बघतो. एका कागदावर डोमेनची शेवटची तारीख, होस्टिंगची शेवटची तारीख, ईमेल कुठल्या फोन नंबरला जोडलंय, रंगांचे कोड, दोन फॉन्टची नावं आणि ते दुःखद बातमीचं टेम्पलेट कुठे आहे एवढं लिहिलेलं असतं. तो कागद पाकिटात घालून आमच्या मार्गदर्शक मॅडमच्या कपाटात ठेवतो, आणि जूनमध्ये नवीन संपादक त्यांच्यासमोर पाकीट उघडून सगळे पासवर्ड बदलतो.